एका टाक्याचे भाऊबंद

'टाका' हा शब्द कागदावर एकटाच लिहून ठेवला, तर ती आज्ञा आहे की वस्तू हे कळायला मार्ग नाही. 'कचरा इथे टाका' यातला टाका वेगळा आणि 'बटणाला दोन टाके घाल' यातला टाका वेगळा. एक फेकून द्यायला सांगतो, दुसरा धरून ठेवतो. जुन्या छापील मराठीत ही पंचाईत नव्हती. शिवणातला तो 'टांका', डोक्यावर टिंब घेतलेला, आणि फेकण्यातला तो बिनटिंबाचा. मोल्सवर्थच्या कोशात, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची, दोघांची घरं अशी वेगळी आहेत. पुढे १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि उच्चारात न उरलेले अनुस्वार एका फटक्यात गेले. बरंच झालं, प्रत्येक 'कांहीं' आणि 'नाहीं'वर टिंबं देत बसायची माझी तरी तयारी नाही. पण या एका टिंबाबद्दल हळहळ वाटते. त्या टिंबाच्या जागी एके काळी अख्खा 'ङ्' बसलेला होता. टङ्क. टाक्याचं सगळं गणगोत त्या टिंबाला धरून होतं.

गणगोताकडे जाऊच. आधी कापड.

हाताने शिवायला मला आत्याने शिकवलं. तिची शिकवण्याची पद्धत म्हणजे शेजारी बसून स्वतःचं काम करत राहायचं आणि मध्येच मान वळवून माझं काम उसवायला लावायचं. 'अगं, टाका ओढायचा नसतो, बसवायचा असतो,' हे तिचं पालुपद. साडीला फॉल लावताना ते नीट कळतं. सुई जवळजवळ आडवी धरायची, टोकाने साडीच्या विणीतला एकच धागा उचलायचा, तीच सुई लगेच फॉलच्या कडेतून काढायची आणि दोरा फक्त सरळ होईपर्यंत घ्यायचा. त्यापुढे केसभर जरी ओढला तरी काठावर बारीक चुणी पडते आणि ती इस्त्रीनेही जात नाही. ढिला सोडला, तर निऱ्या सावरत जिना चढताना पायाचं बोट नेमकं त्या फटीत जातं. सुलट बाजूने पाहिलं तर काही दिसता कामा नये. फार तर उजेडाकडे तिरपी धरल्यावर ठिपक्यांची एक ओळ.

धावदोरा, तुरपाई, उलटी टीप, काजाचा टाका, साखळी टाका, गहू टाका अशी या घरची नावं. विणकामाच्या सुयांवर गेलं की सुलट आणि उलट टाका, शिवाय सगळ्यांच्या जिवावर येणारा 'गळलेला टाका', जो चार ओळी खाली जाऊन सापडतो. मला यातला सगळ्यात आवडतो तो कच्चा टाका. लांब लांब, घाईघाईने, बहुधा भलत्याच रंगाच्या दोऱ्याने घातलेला. भलता रंग मुद्दाम, म्हणजे नंतर चटकन दिसून काढता येतो. बाहीचा गोल खांद्यावर नीट बसतोय का, अस्तर कुठे लोंबतंय का, हे तो बघू देतो. पक्की शिलाई झाली की त्याला कुणी विचारत नाही.

मशीन आलं आणि शब्दही बदलला. हाताचा तो टाका, मशीनची ती टीप. अगदी काटेकोर नाही ही वाटणी. हाताने घातलेल्या पक्क्या शिलाईलाही आपण उलटी टीप म्हणतोच, आणि मशीनवर बसलेला कारागीरही 'टाका बारीक ठेव' म्हणतो. तिथे टाका म्हणजे एकेका घराची लांबी आणि टीप म्हणजे त्यांची ओळ. तरीही कानाला फरक कळतो. बटण लावायला टाके, पायजम्याला टीप. आणि फरक नुसता कानाचा नाही. हाताच्या शिवणात सुई कापडातून आरपार जाते, दोऱ्याचं शेपूट घेऊन दुसऱ्या बाजूला निघते आणि परत येते. एकच दोरा. मशीनच्या सुईला नाकं असतं टोकाशी. इलायस हौ या अमेरिकन कारागिराने १८४६ मध्ये पेटंट घेतलं ते टोकाशी नाकं असलेली सुई आणि खालून येणारा दुसरा दोरा यांच्या जोडीचं. मशीनची अख्खी सुई कापडापलीकडे कधीच जात नाही. ती दोऱ्याचा एक फास खाली ठेवून माघारी फिरते, खालच्या बॉबिनचा दोरा त्या फासातून निघतो आणि दोघे कापडाच्या जाडीत एकमेकांना अडकतात. दोन अनोळखी दोरे वरून खालून येऊन मधेच हात मिळवतात. काम निराळं, तेव्हा नावही निराळं पडलं. कुणी ठरवलं नसणार.

(टीपही काही साधी नाही. तळाशी येते ती तळटीप, चिमणी दाणे टिपते, शाईचा डाग टिपकागद टिपतो, डोळे पदराने टिपतात, वाघ कॅमेऱ्यात टिपतात. पण टीप हा वेगळ्या दिवसाचा विषय.)

मशीन घरोघर आलं तरी एक जागा टाक्याने सोडली नाही, ती म्हणजे माणसाची कातडी. तिथे आजही टाकेच. आणि तिथलं मराठी क्रियापद बघा. डॉक्टर टाके घालतात, पण जखमी माणसाला टाके 'पडतात'. 'पाच टाके पडले' असं सांगताना आवाजात थोडा अभिमानही असतो, परीक्षेत गुण पडल्यासारखा. मग ठरल्या दिवशी ते 'काढतात', किंवा आता बऱ्याचदा 'विरघळणारे' असतात. विरघळणारा टाका ही कल्पना कापडाच्या रोजच्या शिवणात सहसा सापडत नाही. जनावराच्या आतड्यापासून केलेला दोरा शरीर हळूहळू पचवून टाकतं, यावर ती उभी राहिली. आता तेच काम कृत्रिम धागे करतात.

सुश्रुतसंहितेत शिवण हे शस्त्रकर्माच्या आठ प्रकारांपैकी एक आहे आणि तिथला तपशील वाचताना मला सारखी आत्या आठवते. टाके चार प्रकारचे दिलेत: वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथी. दोरा कशाचा घ्यावा, तर बारीक सूत, तागाचा किंवा जवसाचा धागा, झाडाची साल, स्नायू, केस, गुळवेलीचे तंतू. सुया तीन तऱ्हेच्या. मांस कमी असेल तिथे आणि सांध्यांवर दोन बोटं लांबीची गोल सुई, मांसल जागी तीन बोटं लांबीची तीनधारी, आणि पोटासारख्या नाजूक जागी धनुष्यासारखी वाकडी. आतड्याला भोक पडलं असेल तर कडा जुळवून त्यावर मोठे काळे मुंगळे चावायला लावायचे आणि चावा बसला की धड तोडून डोकं तसंच राहू द्यायचं. हाही विरघळणाराच टाका म्हणायचा. पण मी थबकले ते पुढच्या एका सूचनेपाशी. सुई जखमेच्या कडेपासून फार लांब घालू नये आणि फार जवळही घालू नये. लांब घातली तर कडा दुखतात, जवळ घातली तर फाटतात. फॉल लावणाऱ्या कुठल्याही बाईला हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही. त्या चार प्रकारांपैकी तुन्नसेवनी हे नावही शिंप्याच्याच घरचं आहे: अमरकोशात शिंप्याला 'तुन्नवाय' म्हटलंय. म्हणजे वैद्याने टाक्याचं नाव शिंप्याकडून उसनं घेतलं.

आता ते टिंब.

संस्कृत धातुपाठात 'टकि बन्धने' असा एक धातू आहे. त्याचा अर्थ बांधणे. शिवणाचा टांका, हिंदीतलं टाँकना हे या बाजूचे. इथवर सगळं सरळ आहे. पण संस्कृतातच टङ्क नावाचा दुसरा शब्द आहे आणि त्याचा अर्थ आहे छिन्नी. दगड फोडायची. मराठीत ती झाली 'टाकी', आणि 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' या म्हणीमुळे ती आपल्याला पाठ आहे, हातात कधी धरली नसली तरी. एक बांधणारा आणि एक फोडणारी, आणि आवाज दोघांचा एकच. कोशकार दोघांना वेगवेगळ्या नोंदी देतात आणि ते योग्यच आहे; आवाज जुळला म्हणून रक्त जुळत नाही. 'शिवणे'चंच बघा ना. कापड शिवणे हे 'सीव्'कडून आलं आणि हात लावणे या अर्थाचं शिवणे प्राकृतातल्या 'छिवइ'कडून. दोन वाटा येऊन एकाच शब्दात मिळाल्या. पण बोलणाऱ्याला कोश दिसत नसतो, त्याला शब्द दिसतो. शिवायला बसलेल्या माणसाला टाका आणि टाकी फार लांबची वाटत नाहीत, कारण टाका घालायचा तर आधी कापडाला भोक पाडावं लागतं. सुईचं टोक टाकीचंच काम करतं, दोरा मागून येऊन ते निस्तरतो. ही माझ्या मनाची समजूत आहे, व्युत्पत्ती म्हणून कुणी घेऊ नये.

टाकीने कातळ कोरला की होतं ते टाकं. गडावर चढून घशाला कोरड पडलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ विचारावा. पायाखालच्या काळ्या दगडात चौकोनी तोंड, आत दोन-तीन पायऱ्या, आणि मग हिरवट थंड पाणी. मोठं असेल तर छत तोलायला आत कातळाचेच खांब सोडलेले असतात. त्याला खांबटाकं म्हणतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की भिंतीवर टाकीच्या तिरप्या रेघा दिसतात, अजून ताज्या वाटाव्यात अशा. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी बऱ्याच जणांनी पाहिली असतील. ही टाकी कोरताना निघालेला दगडही वाया जात नसे, तो तटाबुरुजांना लागे. गंमत म्हणजे कान्हेरी किंवा जुन्नरच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वी दान दिलेल्या टाक्यांचे शिलालेख आहेत, त्यात टाकं हा शब्द नाही. तिथल्या प्राकृतात त्याला 'पोढी' म्हटलंय. वस्तू जुनी, तिचं आपल्या तोंडातलं नाव नंतरचं.

या टाक्याने परदेशही पाहिला. इंग्रजीतल्या 'टँक'ची एक वाट गुजराती-मराठी टांकं, टांकीकडे येते, दुसरी पोर्तुगीज 'तांके'कडे आणि तिथून साचलेल्या पाण्याच्या लॅटिन शब्दाकडे जाते. दोन्ही बहुधा हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर एकमेकींत मिसळल्या. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी पट्ट्यांवर चालणारी चिलखती गाडी गुपचूप तयार केली तेव्हा कामगारांना सांगितलं, पाण्याच्या टाक्या बनवतोय. थाप नावाला चिकटली ती कायमची. १५ सप्टेंबर १९१६ ला सोमच्या लढाईत ती गाडी पहिल्यांदा उतरली ती 'टँक' म्हणूनच. मराठीने मात्र तिला 'रणगाडा' असं स्वच्छ नाव दिलं आणि पाण्याचा काही संबंध ठेवला नाही. हा शब्द ज्या कुणी घडवला त्याला माझा नमस्कार.

नाण्यांकडे मी भरभर जाते, कारण त्या वाटेवर गर्दी फार आहे. टङ्क म्हणजे चार माशांचं वजन, आणि ठसा मारलेलं नाणंही. दिल्लीच्या सुलतान इल्तुत्मिशने तेराव्या शतकात पाडलेला चांदीचा टंका, बांगलादेशाचं आजचं चलन असलेला टाका, आपला जुना टका, नाणी पाडण्याची टंकशाला म्हणजे टाकसाळ, सगळे एका रांगेतले. टाकसाळीतही घावच असतो. खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये धातूची चकती, आणि हातोडा. देवघरातला 'टाक'ही मला याच रांगेत दिसतो. चांदीच्या किंवा तांब्याच्या पातळ पत्र्यावर दाबून उठवलेला खंडोबा किंवा भवानी, नाण्यावरच्या राजासारखी.

आणि लिहिण्याचा टाक? बोरू मागे पडला तेव्हा लोखंडी निबाचा टाक दौतीत बुडवून कित्येक पिढ्यांनी बाराखडी गिरवली. तो गेला, आणि टंकलेखन यंत्र आलं. अक्षराचा ठसा कागदावर आपटायचा म्हणून टंकलेखन, हे नाव छानच बसलं. आता काहीच आपटत नाही. काचेवरून अंगठा फिरतो, तरी आपण 'टंकतो'. इतकंच नाही, टंकायचा कंटाळा आला म्हणून ऑनलाइन मराठी मंडळींनी 'टंकाळा' हा शब्द घडवला. एखाद्या भाषासमितीला हे सुचलं नसतं. टङ्क आणि कंटाळा या दोघांना असं जोडलंय की सांधा शोधून दाखवावा.

सांध्यावरून सोनार.

सोन्याच्या कामातही टाका असतो. कुणी त्याला डाग म्हणतात, कुणी टाका. साखळीच्या कड्या, कुड्यांची फिरकी, मंगळसूत्राच्या वाट्या हे सगळं टाक्यावर उभं असतं. इथे सुई नाही, दोरा नाही. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं. त्यात दुसरे धातू मिसळून आधीच वितळणारं मिश्रण करतात, त्याचे तिळाएवढे तुकडे जोडावर ठेवतात आणि फुंकणीने ज्योत वळवून तेवढाच भाग तापवतात. पण नुसतं तापवून भागत नाही. तापलेल्या धातूवर हवेने पुट चढतं आणि टाका त्यावरून पाऱ्यासारखा घरंगळतो. म्हणून आधी सवागी, म्हणजे बोरॅक्स, लावायची. ती तापल्यावर फुगते, मग काचेसारखी वितळून पसरते आणि ते पुट स्वतःत विरघळवून घेते. खाली धातू उघडा होतो, टाका त्यावर धावतो. या सवागीचं दुसरं मराठी नाव टाकणखार, आणि संस्कृत नाव टङ्कण. तिबेटातून खाली येणाऱ्या या खाराचं नाव इतकं लांब पोचलं, की खनिजशास्त्रात कच्च्या सवागीला अजून 'टिंकल' म्हणतात.

आता त्या वाक्प्रचाराकडे येते, ज्यासाठी मी हा सगळा पसारा मांडला. 'त्यांचा टाका भिडला.' कॉलेजच्या कट्ट्यावरचा, जरा चावट, आईसमोर न उच्चारायचा शब्द. हिंदीतही तो तसाच चालतो. कुणालाही विचारलं तर तो शिवणातला वाटतो: दोन कापडं, एक टाका, जमलं. पण कापडात टाका भिडत नाही. कापडात टाका घालतात, पडतो, बसतो, सुटतो, उसवतो. भिडणे हे क्रियापद शिवणाच्या पेटीत नाही. भिडतात त्या कडा, आणि त्या भिडाव्याच लागतात ते सोनाराकडे. कारण टाका फट भरून काढत नाही. वितळलेला धातू अरुंद सांध्यात आपोआप खेचला जातो, पण त्यासाठी दोन कडा एकमेकींना टेकलेल्या हव्यात. मध्ये उजेड दिसला की तो एकाच बाजूला गोळा होऊन बसतो. म्हणून साखळीची कडी आधी चिमट्याने दाबून तोंडाला तोंड लावून घेतात, सवागीचं बोट फिरवतात, आणि मग ज्योत. बराच वेळ काही होत नाही. तुकडा तसाच बसलेला असतो. मग एका क्षणी तो लकाकतो आणि सांध्यात नाहीसा होतो.

म्हणून माझं मत सोनाराच्या बाजूने. कोशात मला याचा आधार सापडलेला नाही, आणि शिवणवाल्यांनी हरकत घेतली तर ऐकायची तयारी आहे. आत्याला मी हे सांगितलं तेव्हा ती ब्लाउजला हूक लावत होती. तिने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, 'भिडायचं कामच नाही आमच्याकडे. आमच्यात अर्धा इंच माया सोडतात.'